भिंगाचं वय

मोतीबिंदू काढल्यावर त्या जुन्या भिंगाचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. पेशंटला नवं भिंग मिळालेलं असतं, जुन्याचं त्याला काय. डॉक्टर ते डोळ्यातल्या डोळ्यात फोडतात, नळीनं ओढून घेतात आणि बाटलीत थोडं दुधी पाणी साठतं. एरवी ते फेकूनच देतात. आमच्या प्रयोगशाळेजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून मात्र गेली सहा वर्षं ते आमच्याकडे येतं. दर मंगळवारी सकाळी, बर्फाच्या डब्यात. प्रत्येक बाटलीवर एक क्रमांक, आणि सोबतच्या कागदावर त्या क्रमांकापुढे दोनच गोष्टी: पेशंटचं वय, आणि डोळा डावा की उजवा.

आम्ही त्या पाण्यावरून माणसाचं वय ओळखतो. सांगायला जादू वाटते, पण तसं काही नाही. कातडी बदलत राहते, रक्त बदलतं, हाडंसुद्धा हळूहळू नवी होतात. भिंगाच्या गाभ्यातलं प्रथिन मात्र जन्माच्या आगेमागे एकदाच तयार होतं आणि शेवटपर्यंत तेच राहतं. त्याला दुरुस्ती नाही की बदली नाही. ते फक्त म्हातारं होतं, म्हणजे ठरावीक जागी वाकत जातं. वजन तसूभरही बदलत नाही, त्यामुळे नुसतं वजन करून काही कळत नाही. म्हणून त्या प्रथिनाचे आधी बारीक तुकडे करायचे, ज्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांना विद्युतभार द्यायचा आणि वायूनं भरलेल्या एका नळीतून पळवायचं. अंग चोरलेला तुकडा गर्दीतून लवकर निसटतो, हातपाय पसरलेला अडखळत मागून येतो. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असतो, पण तेवढ्यानं एकाच वजनाची दोन रूपं वेगळी होतात. मग त्या वेगळ्या झालेल्या तुकड्यावर लेझरचा झोत मारायचा. तो फुटतो, ठिकऱ्यांचं वजन करायचं, आणि तो नेमका कुठे वाकला होता ते कळतं. सरळ किती आणि वाकलेले किती, यावरून वय निघतं. चूक झालीच तर दोन-तीन वर्षांची.

हे यंत्र सांभाळणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात. माणूस डॉक्टरेट केलेला आहे, पण खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर असतो. कागदावरचं वय आणि यंत्रातलं वय चार-पाच वर्षांनी चुकलं की ते ठरलेलं वाक्य बोलतात, "बाई, यंत्र खोटं बोलत नाही. माणसं वय चोरतात."

तो मंगळवार तसाच सुरू झाला होता. सात बाटल्या आल्या होत्या. त्यांतली एक माझ्या दादाची असणार हे मला माहीत होतं, कोणती ते माहीत नव्हतं. त्याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्या आठवड्यात झालं होतं. संमतीच्या कागदावर सही मीच घेतली होती. "माझी घाण तुझ्या कामाला येत असेल तर ने बाई," असं म्हणून त्यानं चष्मा कपाळावर चढवून सही केली होती. दादाचं फोटो आणि चित्रं फ्रेम करून देण्याचं दुकान आहे. अर्ध्या मिलिमीटरची चूक त्याला चालत नाही, त्यामुळे डोळे अधू झाल्यावर तो फार चिडचिडा झाला होता.

दुपारी मिस्त्री माझ्या टेबलाशी आले आणि एक कागद ठेवून उभे राहिले.

"काय झालं?"

"कागदावर अठ्ठावन्न आहे. यंत्र म्हणतंय सतरा."

"बाटली बदलली असेल."

"बाकीच्या सहा बरोबर येताहेत." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढून उगाच बोटात फिरवला. "वयाची चोरी मी पाहिलीय बाई. हा दरोडा आहे."

आम्ही दोघंही हसलो. मग नुसतं स्वच्छ पाणी यंत्रातून सोडून पाहिलं. त्यात काही नव्हतं, म्हणजे आधीच्या नमुन्यातलं काही आत राहिलं नव्हतं. पुन्हा तोच नमुना घातला. सतरा. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच बाटलीतून नव्यानं पेप्टाइड तयार केले. त्या प्रथिनात वाकण्याच्या चार जागा आम्ही तपासतो आणि प्रत्येक जागेची गती वेगळी असते. कुणाला फसवायचं असेल तर एक जागा फसवता येईल, चारही नाही. चारही जागांनी सतराच सांगितलं.

आणखी एक गोष्ट होती. बाटलीतला गाळ पिवळट तपकिरी होता. असा रंग यायला पन्नास-साठ वर्षं लागतात. भिंग म्हाताऱ्या माणसाचं होतं आणि आतलं घड्याळ मात्र सतराव्या वर्षी थांबलं होतं.

गुरुवारी मी दवाखान्यात फोन केला. दादाचं वयही अठ्ठावन्नच, हे मी तोवर मनातून बाजूला सारलं होतं. फोन घेणाऱ्या नर्सला क्रमांक सांगून म्हटलं, वय लिहिताना काही गफलत झाली आहे का ते बघा.

"नाही मॅडम, अठ्ठावन्नच आहे. त्या दिवशी डाव्या डोळ्याची ती एकच केस होती." ती जरा थांबली. "अहो, हे तुमचेच भाऊ ना? फॉर्मवर नातेवाईक म्हणून तुमचाच नंबर आहे."

मी आभार मानून फोन ठेवला. मिस्त्रींना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते तेव्हा मला माझ्याशीही बोलता आलं नसतं.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. तो सतरा वर्षांचा असताना मी नऊ वर्षांची होते. घरापासून दीडएक किलोमीटरवर एक बंद पडलेली दगडखाण होती आणि तिच्यात पाणी साठलेलं होतं. हिरवं, खोल, कडेला उभा कातळ. दादा तिथे पोहायचा आणि मी काठावर बसून मोजायची. मला सगळं मोजायची खोड होती, म्हणून तो मला मोजपट्टी म्हणायचा. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, "तळाचा दगड आणून दाखव." तो म्हणाला, "तळ नाहीये याला." मी म्हटलं, "घाबरलास." तो हसला आणि त्यानं सूर मारला.

मी मोजायला लागले. दोनशे अठरापर्यंत मोजलं. मग पळाले.

आमच्या घरी ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली गेली, आणि ती नेहमी अशी सांगितली गेली: दादा दोन मिनिटं पाण्याखाली राहिला, ही वेडी घाबरून पळाली, बाबा धावत येऊन बघतात तर स्वारी काठावर बसलेली. सगळे हसायचे. आई हसायची नाही. मी पळाल्यावर तो लगेच वर आला असेल, यात न पटण्यासारखं काही नाही. पट्टीचे पोहणारे तीन-साडेतीन मिनिटं दम धरतात.

त्या रविवारी मी भर दुपारी खाणीवर गेले. पाणी अजून आहे, आता भोवती तारेचं कुंपण आहे. मी घड्याळ लावलं आणि तेव्हाची वाट पुन्हा चालले. खाण ते घर, कारण आधी मी आईला शोधायला घरी गेले होते. आई नव्हती. घर ते बाबांचं गोदाम. मग बाबांच्या सायकलवर मागे बसून परत खाण. नऊ वर्षांच्या मुलीचं पळणं धरलं, सायकलचा वेग जास्तीत जास्त धरला. एकतीस मिनिटांच्या खाली काही केल्या येईना.

हे मी का मोजत होते? कारण मला एक गोष्ट स्वच्छ आठवत होती आणि ती आजवर मी कधी या हिशोबाशेजारी ठेवून पाहिली नव्हती. तेव्हाही अशीच दुपार होती, असंच कडक ऊन. आम्ही पोहोचलो तेव्हा दादा आमच्याकडे पाठ करून बसला होता. बाबांनी हाक मारली, त्यानं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेला त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, कुणीतरी आपल्याशीच बोलतंय हे आत्ता लक्षात आल्यासारखं. त्याच्या केसांतून पाण्याची धार लागली होती. अर्धा तास उन्हात बसलेल्या माणसाचे केस इतके ओले राहत नाहीत.

बाबांनी मला एक थप्पड मारली. आयुष्यात एकदाच. आणि आईनं, इतकंच मी सांगू शकते, त्यानंतर दादाच्या केसांतून कधी हात फिरवला नाही. मोठा झालाय तो आता, असं ती म्हणायची.

पुढच्या आठवड्यात मी दादाच्या घरी गेले. दादा दुकानात होता. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"डोळा छान झालाय गं," ती म्हणाली. "चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. झोप शांत, जेवण चांगलं. चिडचिड तर पार गेली."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलंच आहे." तिनं एक टॉवेल घडी घालून ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा घातला. "परवा मी सासूबाईंचा जुना फोटो पुसत होते. तुला कडेवर घेतलेला. मी म्हटलं, किती तरुण आहेत यात. तर म्हणाले, हा चेहरा मी पाहिलेला नाही."

"आईचा?"

"म्हातारपणच्या सासूबाई आठवतात त्यांना. त्यांचं दुखणं, औषधं, सगळं. पण लहानपणचं काही विचारलं, शाळेचं, तुमच्या जुन्या घराचं, तर म्हणतात, ते मला तुझ्याकडूनच कळलंय." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मलाच त्यांनी सांगितलं होतं गं ते सगळं. लग्न झाल्यावर. रात्ररात्र सांगायचे."

"हे कधीपासून?"

"पट्टी काढली त्या दिवसापासून."

मी त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, मेंदूची चित्रं काढली. डॉक्टर म्हणाले, या वयाला इतका निरोगी मेंदू क्वचित पाहायला मिळतो. वहिनीनं हे ऐकून डोळे पुसले. आनंदानं, असं मी धरून चालले.

मग एक दिवस मी त्याच्या दुकानात गेले. दुपार उतरत होती, गिऱ्हाईक नव्हतं. तो टेबलावर काच कापत होता. मला बघून त्यानं माझं नाव घेऊन "ये, बस" म्हटलं. त्यानं मला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. कधीच.

"दादा, खाणीचा दिवस आठवतो?"

"आठवतो ना."

"आणि त्याच्या आधीचं?"

त्यानं काचेवर पट्टी धरली, हिरकणीची रेघ ओढली. काच दोन्ही हातांनी उचलून हलकेच दाबली. ती सरळ तुटली.

"त्याच्या आधीचं काय?"

मी टेबलावरची पट्टी सरळ केली. तोच बोलला, अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पा मारतात तसा. "तू मोजत होतीस. दोनशे अठरापर्यंत मोजलंस, मग पळालीस."

तो आकडा मी कुणाला सांगितलेला नाही. आईला नाही, बाबांना नाही, नवऱ्यालाही नाही. आणि मी मोठ्यानं मोजत नव्हते.

"तुला कसं कळलं?"

"खाली ऐकू येतं," दादा म्हणाला, आणि दुसरी काच घेतली.

दोन महिन्यांनी त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते टाळावं असं मला वाटत होतं, पण कुणाला काय कारण सांगणार? त्या मंगळवारी नऊ बाटल्या आल्या. या वेळी मी स्वतः कशाला हात लावला नाही. मला काही माहीत असल्याचा यंत्रावर परिणाम होत नाही हे मला कळतं. तरीही नाही लावला. मिस्त्रींना म्हटलं, सगळं तुम्हीच करा आणि आकडे आले की सांगा.

खरं सांगायचं तर मी आशा धरून होते. हाही आकडा सतरा यावा, अशी. म्हणजे मग ती त्याच्या शरीरातली काहीतरी दुर्मीळ गोष्ट ठरली असती. त्यावर निबंध लिहिता आला असता. किंवा अठ्ठावन्न यावा. म्हणजे मग पहिल्या वेळी आमचंच काहीतरी चुकलं, असं म्हणून कानाला खडा लावता आला असता.

मिस्त्री चार वाजता आले. या वेळी हसले नाहीत.

"आठ बरोबर आहेत," ते म्हणाले. "एक पुन्हा चुकतोय. अठ्ठावन्न लिहिलंय. तीनदा केलं मी, चारही जागा बघितल्या. एकेचाळीस येतंय."

"एकेचाळीस."

"हो. मागचा सतराचा होता तसं नाही, हे घड्याळ नीट चालू आहे. फक्त सतरा वर्षं उशिरा सुरू झालंय." त्यांना स्वतःलाच ते वाक्य आवडलं नाही. "म्हणजे तसं होत नाही. माणूस जन्मताना गाभा तयार असतो. तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं.

मी कागद उलटा ठेवला. सतरा आणि एकेचाळीस. बेरीज करायची गरज नव्हती.

मला त्या क्षणी भीती वाटली नाही. भीती नंतर आली. आधी आठवलं ते हे की डाव्या भिंगाचं काय काय आम्ही केलं होतं. रसायनानं विरघळवलं. कापलं. नळीतून पळवलं, लेझरनं फोडलं, ठिकऱ्या मोजल्या. आकडा पटेना म्हणून पुन्हा फोडलं. वहीत नोंद आहे, एकूण चोवीस वेळा. एक शेवटची कुपी उरली होती, नखाएवढी. ती उणे ऐंशी अंशांच्या चौथ्या फ्रीझरमध्ये, दुसऱ्या कप्प्यात होती. आणि ती कुणाची होती, हे आता मला कळत होतं. एकेचाळीस वर्षं तो कुठे होता, तेही.

पुढच्या सोमवारी दुपारी खालून सुरक्षारक्षकाचा फोन आला, तुमचे भाऊ आलेत म्हणून. दादा याआधी कधी आमच्या प्रयोगशाळेत आला नव्हता. मी त्याला वर घेऊन आले. चष्मा नसल्यामुळे चेहरा उघडा दिसत होता. तरुण नाही, पण नवा.

"सहज आलो," तो म्हणाला. "तुझं यंत्र बघायला."

मी दाखवलं. मिस्त्रींनी आपण होऊन सगळं समजावून सांगितलं, नळी, वायू, लेझर. दादा लक्ष देऊन ऐकत होता. लेझरच्या खोक्यापुढे तो थोडा जास्त वेळ थांबला.

"यात घातलं की फुटतं?"

"फुटतं," मिस्त्री म्हणाले.

"पुन्हा जुळत नाही?"

"छे. ठिकऱ्या पंपानं ओढून बाहेर."

दादानं मान डोलावली. मिस्त्रींचे आभार मानले. आम्ही दोघं बाहेर पडलो.

"माझ्या डाव्या डोळ्याचं," तो चालता चालता म्हणाला, "त्यातलं काही उरलंय?"

"नाही," मी म्हटलं. "संपलं."

"सगळं?"

"सगळं."

"बरं झालं."

बाहेरच्या लांब व्हरांड्यात आमचे सहा फ्रीझर ओळीनं उभे आहेत. सहाही पांढरे, सहाही एकसारखे, एकावरही नाव नाही. त्यांचा घुमणारा आवाज इतका असतो की शेजारच्या माणसाला ओरडून बोलावं लागतं.

दादा पहिल्यावरून पुढे गेला. दुसऱ्यावरून गेला. तिसऱ्यावरून.

चौथ्यापाशी थांबला.

तो वाकला. दुसऱ्या कप्प्याच्या उंचीवर, नेमका तिथे, त्यानं दाराला कान लावला. डोळे मिटले. पाटीवर उणे ऐंशी हा आकडा लाल चमकत होता. मी मोजलं नाही. पण बराच वेळ तो तसाच उभा होता.

मग सरळ झाला.

"थंडी वाजतेय म्हणतोय तो," दादा म्हणाला.

आणि त्यानं मला विचारलं, लिफ्ट कुठल्या बाजूला आहे.